कुंकू लावलेलं कार्ड

भिवा, तुझं शेवटचं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं. ते कुणीच ऐकलं नाही. पारूवहिनीनं नाही, तुझ्या अंजनानं नाही, मी तर नाहीच. तू गेल्याला दीड महिना झाला आणि या दीड महिन्यात हे वाक्य मी वेगवेगळ्या लोकांपुढे वेगवेगळ्या तऱ्हेनं बोललो. निम्म्या वेळा खोटं बोललो. तुझ्यापुढे तरी सरळ सांगतो.

तुझा फोन तुझ्या कपड्यांबरोबर घरी आला. त्यातलं कार्ड माझ्या दुकानात आलं, आणि आखाडा बाळापुरात गेली चार वर्षं लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरणाऱ्या, ‘या कामात सुदामचा हात धरणारा कोणी नाही’ अशी फुशारकी मारणाऱ्या तुझ्या आतेभावानं ते कोरं करून टाकलं.

आपली टपालाची सोय तूच काढलेली. मेंढरं घेऊन तू उमरखेडच्या पलीकडे गेलास की चार-चार महिने तिकडेच. कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, तिथून पुढच्या शेतात. फोनला रेंज नाही, चार्जिंग करायचं तर एखाद्या गावात दुकानदाराच्या हातापाया पडायचं. आणि फोन लागला तरी तुला बोलायला जमत नसे. ‘फोनवर मानूस पळत्या बशीत चढल्यावानी बोलतंय,’ म्हणायचास. मग तू फोनमध्येच रेकॉर्डिंग करून ठेवायला लागलास. कार्ड भरलं की काढून बिडीच्या बंडलाच्या कागदात गुंडाळायचं आणि बाजाराला येणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर माझ्याकडे धाडायचं. मी ते वहिनीच्या घरच्या कार्डात उतरवायचो, वहिनी आणि अंजना ऐकायच्या, त्यांचं उत्तर तुझ्या कार्डात जायचं आणि टेम्पो ते परत न्यायचा. तुझं कार्ड आलं की मला चहा सोडून उठावं लागायचं, कारण वहिनी सकाळपासून दुकानाच्या पायरीवर बसलेली असायची.

तुझं प्रत्येक बोलणं सारखंच सुरू व्हायचं. ‘हां. लाल दिसून राहिलं. म्हंजी चालू झालं.’ मग कोणती मेंढी व्याली, कोणती लंगडते, कुत्र्यानं काय प्रताप केला, पाणी कुठं लागलं. वहिनीची तब्येत विचारायला तुला सात मिनिटं लागायची, आणि तीही ‘घरी समदे बराबर हायेत ना’ एवढ्यात उरकायचास. ते ‘समदे’ म्हणजे आपण एकटी, हे वहिनीला कळायचं. शेवटी म्हणायचास, ‘आता बंद करतो,’ आणि तुला बंद करता यायचं नाही. मी दहा वेळा दाखवलं असेल. अकराव्या वेळी वैतागून म्हणालो, ‘राहू दे चालू, जागा भरली की थांबंल आपोआप.’ त्यामुळे तुझ्या प्रत्येक बोलण्याच्या मागे दहा-दहा मिनिटं नुसत्या मेंढरांच्या घंटा, कुत्रं आणि तुझं खाकरणं. मी ते कापून टाकायला निघालो होतो, जागा वाचावी म्हणून. वहिनी म्हणाली, ‘राहू द्या भाऊजी. बोलताना तर ते लोकांसाठी बोलत्यात. हे घंट्याचंच माझं हाय.’

पुसण्यावरून आपलं भांडण जुनंच. कॅसेटच्या काळापासूनचं. तेव्हा मी रेडिओ-टेप दुरुस्त करायचो आणि लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गाणी कॅसेटवर उतरवून द्यायचो. तू एकदा मामांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, दुकानात धरून आणलंस आणि त्यांची मेंढरं बोलावायची हाळी रेकॉर्ड करायला लावलीस. मामा लाजले होते. चार भिंतींत हाळी घालायची म्हणजे त्यांना देवळात शीळ मारल्यासारखं वाटत होतं. शेवटी एक घातली आणि समोरच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. तू ती कॅसेट हातात घेऊन मला विचारलंस, ‘हिच्यावर दुसरं कोणी गाणं भरलं तं?’ मी तुला कॅसेटच्या मागच्या कडेची ती बारीक पट्टी दाखवली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. तू तिथल्या तिथे दातानं मोडलीस. मामा गेले, टेप गेला, ती कॅसेट अजून तुझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे.

कार्डाला तसं मोडायला काही नसतं रे. करंगळीच्या नखाएवढं कार्ड, काळं, सगळी एकसारखी. दिवसाला चाळीस-चाळीस यायची. म्हणून मी नेलपॉलिश आणलं. भरलेलं, हात लावायचा नाही असं कार्ड असलं की पाठीवर लाल टिपका. टिपका नसला की कोरं करून घ्यायचं आणि मग भरायचं. आधी कोरं करायचं, हा माझा नेम. रान साफ केल्याशिवाय पेरायचं नाही, असं मी तुला ऐकवायचो. आणि तू दर वेळी म्हणायचास, ‘आधी उघडून तं पाह्य. कोणाचं काय असंल त्यात.’ मी म्हणायचो, चाळीस लोकांचं उघडून पाहत बसलो तर दिवाळी इथंच येईल. तू म्हणायचास, ‘मी दोनशे मेंढरं रोज संध्याकाळी तोंड पाहून आत घेतो.’ हसलो होतो तुला. तुझं बरोबर होतं, हे मान्य करायला मी एवढं मोठं काही करून बसायला नको होतं.

दुसरं भांडण अंजनाचं. ते मिटलंच नाही. पोरगी दोन वर्षं माझ्याकडे राहून बारावीपर्यंत आली. तिला नांदेडला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं, तीन वर्षांच्या. तुझ्या थोरल्या भावानं, कोंडिबादादानं, साखऱ्याचं स्थळ आणलं. तू दोन्ही बाजूंनी मान हलवत होतास. मी उत्तराच्या कार्डात तुला बोललो, वहिनीच्याच फोनवर भरून. खूप बोललो. त्यातलं एक वाक्य अजून माझ्या कानात आहे, कारण ते मीच भरलं होतं आणि पाठवण्याआधी मीच पुन्हा ऐकलं होतं: ‘तुला मेंढरं मोजता येतात भिवा, पोरीचं डोकं मोजता येत न्हाई.’ ऐकून मला ते बरं वाटलं होतं. झणझणीत झालंय, असं वाटलं होतं. पुसायचं बटण समोर होतं आणि जो माणूस दिवसाला चाळीस कार्डं पुसतो, त्याला तेवढं एक वाक्य पुसावंसं वाटलं नाही.

मग आठ दिवसांनी तुझा फोन आला. आवाज बारीक. ‘ताप हाय थोडा. तुझं ऐकलं.’ मी म्हणालो, मग? तू म्हणालास, ‘समदं बोलून ठेवलं कार्डात. अंजीचं बी, तुझं बी. बुधाच्या टेम्पोत देतो. ऐक आन मंग बोल.’ मी विचारलं, रागावला का? ‘ऐक म्हनलं ना,’ एवढं बोललास आणि फोन कटला. बुधवारच्या टेम्पोत कार्ड आलं नाही. गुरुवारी तू आलास, जीपच्या मागच्या सीटवर, घोंगडीत.

आता कार्ड पुसलं त्या दिवसाचं. तू होतास तेव्हाच वहिनीनं माझ्याकडून एक नवं मोठं कार्ड नेलं होतं. घरचं जुनं भरत आलं होतं आणि तुझं एकही बोलणं तिला पुसू द्यायचं नव्हतं. घेऊन जाताना म्हणाली होती, ‘देवापुढं ठेवते, कुंकू लावते, मंग ह्याच्यात समदं घालून द्या. भजनं बी घाला.’ आपल्याकडे नवीन सायकल आली की कुंकू, नवा पंखा आला की कुंकू, फवारणीच्या पंपाला कुंकू. मी ‘बरं’ म्हणालो आणि विसरलो.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडिबादादा दुकानात आला. रुमालाच्या गाठीत दोन कार्डं.

‘पारूनं देल्ली. एक भिवाचं, एक नवं. भिवाचं समदं नव्यात घाल म्हनली. आन भजनं.’

‘कोणतं कोणतं, दादा?’

‘मला काय इचारतो? तुझाच धंदा हाय न्हवं. मी बियाण्याचं पाहून येतो तवर.’

दोन्ही काळी. एकाच्या पाठीवर लाल टिपका, एकाच्या नाही. तुझ्या कार्डाला मी दोन वर्षांपूर्वी टिपका दिला होता. दोन वर्षं ते फोनमधून निघालं, बिडीच्या कागदात गेलं, टेम्पोवाल्याच्या खिशात घासलं. नेलपॉलिश किती टिकणार? मी तेवढा विचार केला नाही. डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं आहे, पण ते कारण मी सांगणार नाही. रोज कोरड्या डोळ्यांनी मी हेच करत होतो. टिपका आहे ते भरलेलं, म्हणजे तुझं. टिपका नाही ते नवं. नवं आधी कोरं करून घेतलं. एक सेकंद लागला. त्यात वहिनीला हवी ती भजनं भरली, कार्ड निम्म्याच्या वर भरलं. मग तुझं म्हणून लाल टिपक्याचं रीडरमध्ये घातलं आणि उघडलं. आत काहीच नव्हतं.

कार्ड बाहेर काढलं आणि टिपक्यावर बोट घासलं. नेलपॉलिश निघत नसतं. माझ्या बोटाला लाल भुकटी लागली. वास घेतला. देवाजवळचा वास होता, उदबत्तीचा.

वहिनीच्या कपाळावरचं पुसून तेरा दिवस झाले होते, भिवा. कार्डावरचं तसंच होतं.

दादा आल्यावर मी म्हणालो, कार्ड खराब दिसतंय, नांदेडला दाखवून आणतो. नांदेडला एक माणूस पुसलेलं परत काढून देतो असं ऐकलं होतं. सकाळची बस धरली. त्यानं दुपारपर्यंत कॉम्प्युटरला लावून ठेवलं. कुठल्यातरी सिनेमाचं अर्धं गाणं निघालं, तुझ्या मेंढरांचा फोटो निघाला, त्यात वरच्या पट्टीत आभाळ आणि खाली नुसता करडा रंग. बोलणं एकही नाही. तो म्हणाला, ‘नुस्तं फॉरमॅट केलं असतं तो निकल आता. तुमी वरून भरलं. दबलं समदं.’ मी विचारलं, काय भरलं होतं माहीत आहे का? तो म्हणाला, भजनं दिसतात. मी तिथेच हसायला लागलो आणि तो माणूस जरा घाबरला.

तुझ्या घरी सगळे माझी वाट पाहत बसले होते. तुला हे माहीत नसेल, पण तू गेल्यावर त्या घरात तुझ्या कार्डाला तुझ्यापेक्षा जास्त वजन आलं होतं. दादाचं म्हणणं होतं, घरात माणूस गेलंय, तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, आणि साखऱ्याचे लोक तीन वर्षं थांबणार नाहीत. तीन वर्षं. बरोबर नर्सिंगएवढी. वहिनीनं पहिल्यांदाच दिरापुढे तोंड उघडलं होतं: ‘त्यायनं बोलून ठेवलंय. ते काय म्हंतेत ते ऐकू. त्यायच्या शब्दाच्या म्होरं कोणी जायचं न्हाई.’ दादानं ते मानलं होतं. त्याच्याबद्दल एवढं तरी म्हणायला हवं. त्यानं ते खरंच मानलं होतं.

मी जाऊन सांगितलं की कार्ड खराब झालं, सगळं गेलं. अंजना भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, ‘पण जायच्या आधी थोडं ऐकलं मी. भिवा म्हणला, पोरीला शिकू द्या.’

हे मी तुझ्या नावावर खोटं बोललो. तू कदाचित हेच बोलला असशील. कदाचित उलटं. मला ठाऊक नाही आणि आता कधीच ठाऊक होणार नाही.

दादा शांतपणे म्हणाला, ‘ऐकव.’

‘पुसलं गेलं ना, दादा.’

‘तुला ऐकाया आलं, आमाला ऐकाया न्हाई. भिवा शिकवा म्हनला असता तं तू ते कार्ड सोन्यात मढवून आनलं असतं सुदाम. त्यो लगीन करा म्हनला. म्हनून पुसलं तू.’

सगळ्यांना आपलं भांडण माहीत होतं. माझं ते झणझणीत बोलणं वहिनीच्या फोनवर अर्ध्या भावकीनं ऐकलं होतं. दादाचा हिशोब चुकला नव्हता, माझ्या जागी दुसरा असता तर मीही हेच म्हणालो असतो. आता बचावाला एकच गोष्ट होती. तुझं घासलेलं कार्ड आणि कुंकू लावलेलं कार्ड दोन्ही खिशात होती. चार बोटांवर ठेवून दाखवली असती, की हे बघा, टिपक्याचा घोटाळा झाला, हे कुंकू आहे. दोन मिनिटांत माझ्यावरचा आळ गेला असता.

वहिनी समोर बसली होती. मोकळं कपाळ, मांडीवर दोन्ही हात. ते कुंकू त्या हातांनी लावलेलं. मी बोललो नाही. मी म्हणालो, दादा, तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या. त्याचा अर्थ सगळ्यांनी कबुली असा घेतला. माझ्या त्या खोट्यानं अंजनाची उरलीसुरली वाटही बंद झाली. नुसतं ‘कार्ड गेलं’ एवढंच सांगितलं असतं तर कदाचित वहिनी आणखी थोडं लढली असती. आता ती काय म्हणून लढणार? तू लग्न करा म्हणालास, असंच आता तुझ्या घरात धरून चालतात. तारीख निघाली आहे.

भिवा, मला तुझा राग येतो. फोनवर तीन शब्द जास्त बोलला असतास तर काय झालं असतं? शिकव, किंवा लग्न कर, एवढंच. आणि लगेच लाज वाटते, कारण तापानं फणफणलेला तू कुठल्याशा बांधावर बसून त्या फोनशी माझ्याबद्दल बोलत होतास. ‘तुझं बी’ म्हणालास. म्हणजे मला काहीतरी द्यायचं होतं तुला. शिवी असेल तरी चालली असती. माझ्याशी कुणी एवढा वेळ काढून, समोर मी नसताना, कधी बोललं नाही. तू दोन वर्षं बोलत होतास. मी त्याचे कधी आभार मानले नाहीत, जागा किती खाल्ली तेवढं मात्र दर वेळी सांगितलं.

काल अंजना आली. बाजाराला आलेल्या बायकांबरोबर आली होती, त्या बांगड्यांच्या दुकानात बसल्या तेवढ्यात पलीकडून रस्ता ओलांडून आली. माझ्याशी तुझ्या घरातलं कुणी बोलत नाही, म्हणून मी आधी उठलोच नाही. तिनं रुमालातून घरचं जुनं कार्ड काढलं, तुझी आधीची सगळी बोलणी असलेलं. आणि दुसरं काढलं. ते नवं, मी वहिनीकडे परत पाठवलेलं.

‘काका, बाबाचं समदं ह्याच्यात पायजे. मला तिकडं न्यायचं हाय.’

मी हात पुढे केला. तिनं कार्डं दिली नाहीत. काउंटरच्या आत आली, माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली.

‘मीच करते काका. तुमी बसा.’

दोन वर्षं माझ्याकडे राहिलेली पोरगी, तिला हे काम मीच शिकवलेलं. मी खुर्ची सोडून बाजूच्या स्टुलावर बसलो. तिनं जुनं कार्ड उघडलं, पाहिलं. मग नवं उघडलं, आत काही नाही याची खात्री केली, तरी पुन्हा एकदा पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तुझं बघूनच शिकली असेल, मेंढरं आत घेताना.

नवं कार्ड तिनं रीडरमधून काढून उलटं केलं.

‘ह्याला लाल काय लागलंय?’

थोडंच उरलं होतं, कडेला.

‘दुकानाची खूण हाय ती,’ मी म्हणालो.

‘भरलेल्या कार्डाची?’

‘व्हय.’

‘पन हे तं कोरंच होतं.’

‘व्हय.’

तिनं कार्ड माझ्यापुढे धरलं. ‘म्हंजी खूण तुमीच चुकीच्या कार्डाला केली?’

‘मीच केली.’

‘आन बाबा काय म्हनले, ते तुमी ऐकलंच न्हाई.’

‘न्हाई, लेकरा.’

ती रडली नाही. तिनं नखानं तेवढा लाल भाग खरवडला, फुंकर मारली आणि कार्ड परत लावलं. वहिनीला ती ही माझी चूक सांगेल, आणि वहिनी ती खरी धरेल. तेवढंच मला हवं होतं. लग्न पुढच्या महिन्यात आहे. मला आवतण नाही, आणि गेलो तरी पोरीच्या तोंडाकडे बघवणार नाही.

सगळं उतरायला वेळ लागत होता. उतरलंय की नाही हे बघायला तिनं शेवटची फाइल लावली. तू सुरू झालास. लाल दिसून राहिलं, म्हंजी चालू झालं. लंगडी मेंढी, पाणी, घरी समदे बराबर हायेत ना. मग ‘आता बंद करतो’, आणि घंटा. अंजनानं कार्ड रुमालात बांधलं, रस्त्यापलीकडून बायका हाका मारत होत्या म्हणून गेली. जुनंही तिनं परत नेलं, पण जाण्याआधी माझ्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवली होती आणि ती फाइल तिथून चालूच होती. मी स्टुलावरून उठलो नाही. पुष्कळ वेळ नुसत्या घंटा वाजत होत्या, कुत्रं भुंकलं, तू खाकरलास. आणि मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, बारीक आवाजात, मी कापायला निघालो होतो त्या जागेत, तू मला विचारत होतास:

‘सुदाम, हे बंद कुठून करायचं रे?’